सीआरपी वाढलेला, साखरही वाढलेली: अंगातील दाह इन्सुलिनच्या आड कसा येतो?

सेलू परिसरातील एका जिनिंगमध्ये हिशेबाचे काम करणाऱ्या गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४३, उंची ५ फूट ६ इंच, वजन ६८ किलो. उपाशीपोटी साखर ११८, जेवणानंतर दोन तासांनी १७२, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.३ आणि सीआरपी ४.८. गोड खाणे आणि साखरेचा चहा सोडूनही आकडे उतरलेले नाहीत. ‘अंगात सूज आहे, म्हणून इन्सुलिन नीट काम करत नाही,’ असे त्यांना सांगण्यात आले. परंतु हातापायांवर कुठेही सूज दिसत नाही. अशा वेळी सूज उतरवणाऱ्या गोळ्या किंवा हळदीच्या कॅप्सूल घेतल्या तर साखर खाली येईल का, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे. जाता जाता त्यांनी आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेत: तंबाखूची जुनी सवय आहे, आणि ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येते.

मी परभणीत अनेक वर्षे मधुमेहाचे रुग्ण पाहत आले आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्यापुढे नेहमी येतो. आधी थेट उत्तर देते. होय, रोगप्रतिकारशक्तीचे संदेश इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात आणि हे नीट अभ्यासले गेलेले सत्य आहे. मात्र त्यासाठी दुखण्यावरच्या गोळ्या सुरू करू नका. आपला खरा प्रश्न सूज कशी उतरवावी हा नाही. हे संदेश आपल्या शरीरात नेमके कुठून सुटत आहेत, हा आहे. तो उगम शोधला की काय करायचे ते बऱ्याच अंशी स्पष्ट होते, आणि आपल्या पत्रात त्याच्या खुणा आधीच आहेत.

सुरुवात ४.८ या आकड्यापासून करू. सीआरपी हे यकृतात तयार होणारे एक प्रथिन आहे. शरीरात कुठेही रोगप्रतिकारक पेशी सावध झाल्या की त्या आयएल-६ नावाचा रासायनिक संदेश सोडतात आणि तो यकृताला मिळाला की यकृत सीआरपी बनवू लागते. म्हणजे हे प्रथिन ‘कुठेतरी काहीतरी चालू आहे’ एवढेच सांगते, कुठे ते सांगत नाही. त्यातही आपल्या भागातील बहुतेक लॅबमध्ये जी साधी सीआरपी तपासणी होते ती न्यूमोनिया, टायफॉइड यांसारख्या मोठ्या आजारांसाठी असते. तिच्यात ५ किंवा ६ च्या आतील आकडा ‘नॉर्मल’ म्हणून छापला जातो आणि त्या पातळीवर ती फारशी अचूकही नसते. सौम्य, रेंगाळणारा दाह, म्हणजे आपल्याला सांगितलेली ही आतली सूज, मोजायची असेल तर ‘हाय सेन्सिटिव्हिटी’ सीआरपी करावी लागते. तिच्यात १ च्या खाली कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त असे साधारण टप्पे मानले जातात. १० च्या वर आकडा आला तर आधी संसर्गाचा किंवा दुखापतीचा विचार करून काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. सर्दी-खोकला, दाढेचे दुखणे, नुकतीच घेतलेली लस, एवढ्यानेही आकडा वर जातो. म्हणून एका अहवालावर मी कधीच निष्कर्ष काढत नाही. आपणही तब्येत ठणठणीत असताना, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, ही तपासणी पुन्हा करून घ्यावी.

आता मूळ यंत्रणा. जेवणानंतर रक्तात साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडते, आणि इन्सुलिन स्नायूच्या पेशीवरील आपल्या ग्राहकाला (रिसेप्टरला) जाऊन चिकटते. इथपर्यंतचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. पुढचा भाग महत्त्वाचा आहे. ग्राहक जागा झाला की पेशीच्या आत आयआरएस-१ नावाच्या प्रथिनावर ठरावीक ठिकाणी, म्हणजे टायरोसिन या घटकावर, फॉस्फेटची खूण केली जाते. त्या खुणेमुळे पुढच्या प्रथिनांची साखळी सुरू होते आणि शेवटी पेशीच्या आत साठवून ठेवलेली ग्लूट-४ नावाची वाहक प्रथिने पृष्ठभागावर येऊन साखर आत घेतात. जेवणानंतर इन्सुलिनच्या हुकमाने रक्तातून जी साखर उचलली जाते, तिचा मोठा वाटा स्नायू उचलतात. यकृताला मात्र इन्सुलिनचा संदेश वेगळा असतो: नवी साखर बनवणे थांबव.

रोगप्रतिकारक पेशींचे टीएनएफ-अल्फा आणि आयएल-१ बीटा हे संदेश याच साखळीत मध्ये येतात. ते पेशीच्या आत जेएनके आणि आयकेके ही विकरे (एन्झाइम) जागी करतात, आणि ही विकरे त्याच आयआरएस-१ प्रथिनावर भलत्या ठिकाणी, सेरिन या घटकावर, फॉस्फेटची खूण करतात. चुकीच्या ठिकाणी खूण झाली की योग्य ठिकाणची खूण नीट होत नाही आणि साखळी तिथेच मंदावते. आयएल-६ दुसऱ्या मार्गाने, सॉक्स-३ नावाच्या प्रथिनाकरवी, विशेषतः यकृतात तोच परिणाम घडवतो. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर डीपीवर वीज पुरेशी आहे, पण स्टार्टर बिघडल्यामुळे मोटर उचलत नाही, अशी ती अवस्था असते. रक्तात इन्सुलिन असते, अनेकदा नेहमीपेक्षा जास्त असते, तरी साखर बाहेरच राहते. यालाच इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. स्वादुपिंड काही वर्षे जास्त इन्सुलिन सोडून हे निभावून नेते आणि ज्या दिवसापासून त्याला ते झेपेनासे होते, त्या दिवसापासून साखरेचे आकडे चढू लागतात. आपण बहुधा त्याच वळणावर आहात.

हे सगळे अंदाजाने जोडलेले नाही. बोस्टनमधील गोखान हॉटामिस्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांच्या गटाने १९९३ मध्ये दाखवून दिले की लठ्ठ उंदरांची चरबीच टीएनएफ-अल्फा तयार करते, आणि ते निष्प्रभ केले की त्या उंदरांच्या ऊती इन्सुलिनला पुन्हा चांगला प्रतिसाद देऊ लागतात. त्याआधी चरबी म्हणजे शिलकी ऊर्जेचे कोठार, एवढीच समजूत होती. ज्यांच्यात टीएनएफ-अल्फाचे जनुकच नाही असे उंदीर १९९७ मध्ये तपासले गेले. तेही खाऊन लठ्ठ झाले, पण त्यांची इन्सुलिन-संवेदनशीलता इतर लठ्ठ उंदरांपेक्षा बरीच चांगली राहिली.

मग प्रश्न पडतो की शरीराने असा अडथळा मुळात ठेवलाच कशाला? याचे उत्तर मला वॉर्डमध्ये जितके स्पष्ट दिसते तितके पुस्तकात दिसत नाही. एक शेतकरी, मधुमेह जुना, गोळ्यांवर साखर व्यवस्थित. तुरीचे धसकट तळपायात घुसले, त्यांनी घरीच हळद-तेल भरून पट्टी बांधली आणि आठवड्याने पाय सुजला, तळव्याखाली पू झाला, ताप भरला. दवाखान्यात आले तेव्हा साखर ३८० होती. इन्सुलिन सुरू केले, मात्रा वाढवत नेली, तरी साखर अडीचशेच्या खाली येईना. जेवण तेच मोजून दिलेले, बाहेरचा डबा बंद. मग सर्जनने तळवा उघडून पू काढला. त्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच मात्रेने साखर ९० च्या आसपास येऊ लागली आणि मला घाईघाईने इन्सुलिन निम्म्यावर आणावे लागले. रुग्ण तोच, औषध तेच, आहार तोच. फरक एवढाच की दाहाचा उगम निघून गेला होता. अशा प्रसंगी कॉर्टिसॉल, ॲड्रेनॅलिन यांसारखी ताणाची संप्रेरकेही साखर चढवतात, त्यामुळे सगळे श्रेय एकट्या टीएनएफला देता येत नाही, पण दिशा कळायला हे उदाहरण पुरेसे आहे.

संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना साखर भरपूर लागते आणि ती त्या इन्सुलिनची वाट न पाहता घेऊ शकतात. अशा वेळी स्नायूंनी साखर उचलणे थोडे थांबवले तर ती लढणाऱ्या पेशींच्या वाट्याला येते. चार-आठ दिवसांच्या आजारात ही सोय शरीराच्या हिताचीच असते. संकट टळले की संदेश थांबतात आणि इन्सुलिन पुन्हा पूर्ववत काम करू लागते. बिघाड होतो तो हेच संदेश अगदी मंद प्रमाणात, पण वर्षानुवर्षे, कुठलाही जंतू नसताना सुटत राहिले तर. ताप नाही, पू नाही, डोळ्यांना दिसणारी सूज नाही. आपल्याला सूज दिसली नाही ती याच कारणाने, आणि तरीही आपल्या डॉक्टरांनी सांगितलेले चुकीचे नव्हते.

जंतू नसताना हे संदेश सोडते कोण? बहुतेकांच्या बाबतीत पहिला उगम म्हणजे पोटातील चरबी. चरबीच्या पेशी ठरावीक मर्यादेपर्यंतच फुगू शकतात. मर्यादेबाहेर फुगलेल्या पेशींना प्राणवायू कमी पडतो, त्यातील काही मरतात, आणि त्यांचा निचरा करण्यासाठी मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी तिथे गोळा होतात. २००३ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी स्वतंत्रपणे हे दाखवले. सडपातळ उंदरांच्या चरबीत मॅक्रोफेजचे प्रमाण एकूण पेशींच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी होते, तर अतिलठ्ठ उंदरांत ते निम्म्याहून जास्त होते. टीएनएफ-अल्फाचा मोठा भाग याच पेशी सोडत होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या चरबीपेशीभोवती या पेशींचे कडे पडलेले दिसते. त्याच वेळी फुगलेल्या चरबीतून मुक्त मेदाम्ले रक्तात सुटतात, कारण चरबी विरघळू न देण्याचे इन्सुलिनचे कामही तिथे ढिले पडलेले असते. हे मेद यकृतात आणि स्नायूंत जाऊन साचतात. सोनोग्राफीच्या अहवालात ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ असे लिहून येते आणि रुग्ण तो कागद फाईलमध्ये ठेवून विसरतो. तो विसरण्याजोगा नाही, कारण यकृतात साचलेली चरबी हा या साखळीतला मोठा दुवा आहे.

‘माझे वजन तर जास्त नाही,’ असे आपण इथे म्हणाल. आपला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, सुमारे २४ येतो. युरोपीय कोष्टकात तो नॉर्मल आहे. भारतीयांसाठी मात्र २३ पासून पुढे वजन जास्त धरतात. बीएमआयपेक्षाही चरबी कुठे आहे हे महत्त्वाचे असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याबाबत केलेले काम प्रत्येक मराठी माणसाने माहीत करून घ्यावे असे आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शेजारीशेजारी छापली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. आपली माणसे हातापायांनी बारीक आणि पोटाने भरलेली असतात, स्नायू कमी असतात आणि चरबी आतड्यांभोवती असते. १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत चाललेल्या त्यांच्या अभ्यासात तर नवजात बाळांतही ही ठेवण दिसली: वजन कमी, तरी चरबी तुलनेने राखलेली. मराठवाड्यात आईच्या कुपोषणाची आणि मुलांच्या पुढील आयुष्यातील बैठ्या नोकरीची जी सांगड मी पाहते, तिच्याकडे बघताना हे काम मला वारंवार आठवते.

आपण पत्रात पँटची कंबर ३४ असल्याचे लिहिले आहे. ती मोजणी उपयोगाची नाही, कारण पोट सुटले की माणूस पँट पोटाच्या खाली बांधू लागतो आणि वर्षानुवर्षे तोच नंबर घेत राहतो. शर्ट वर करून सरळ उभे राहा. बरगडीचे सर्वांत खालचे हाड आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ बोटांनी चाचपून पाहा, दोन्हींच्या मधोमध टेप आडवी धरा, ती कातडीला टेकलेली असावी पण रुतलेली नसावी, आणि श्वास सहज बाहेर सोडल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढू नका. माझ्या खोलीत टेप हातात घेतली की निम्मे पुरुष नकळत तेच करतात. भारतीय पुरुषात ९० सेंटिमीटर आणि स्त्रीत ८० सेंटिमीटरच्या वर आकडा आला तर पोटातील चरबी जास्त आहे असे समजावे. ३४ नंबरची पँट घालणाऱ्यांची खरी कंबर ९४-९५ भरलेली मी अनेकदा पाहिली आहे.

दुसरा उगम आपल्या हिरड्यांत असू शकतो आणि याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. हिरड्यांतून रक्त येते याचा अर्थ दातांच्या मुळाशी जंतूंचा थर बसला आहे आणि तिथे दीर्घकाळचा दाह चालू आहे. हा दाह तोंडापुरता राहत नाही. त्याचे संदेश आणि काही वेळा जंतूंचे अंशही रक्तात जातात. मधुमेह असलेल्या आणि हिरड्यांचा आजार असलेल्या रुग्णांत हिरड्यांवर व्यवस्थित उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी सुमारे ०.४ टक्क्याने उतरतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. एखादी गोळी वाढवून जेवढा फरक पडावा, त्याच्या जवळपास जाणारा हा फरक आहे. नाते दोन्ही बाजूंनी असते: साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर वाढते. तंबाखूचा विडा गालात धरून ठेवण्याची सवय या आगीत तेल ओतते. तंबाखू सोडण्याचा सल्ला मी कर्करोगासाठी तर देतेच, पण आपल्या बाबतीत तो साखरेसाठीही आहे.

इतर उगम थोडक्यात. संधिवात आणि सोरायसिस यांत दाह उघड असतो आणि अशा रुग्णांत इन्सुलिन-प्रतिरोध जास्त आढळतो. विडी-सिगारेट हे वेगळे कारण आहेच. अपुरी झोप काही रात्रींतच इन्सुलिनची परिणामकारकता घटवते. जिनिंगचा हंगाम चालू असताना रात्री एक-दोनपर्यंत काट्यावर बसावे लागत असेल, आणि त्यातून झोपेत मोठ्याने घोरणे व दिवसा पेंग येणे असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. क्षयरोगाचा उल्लेख मी मुद्दाम करते. वजन आपोआप घटत असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल आणि साखर अचानक वाढली असेल, तर इन्सुलिन-प्रतिरोधाची चर्चा बाजूला ठेवून आधी थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करावा.

इथवर दाहाची बाजू मांडली. आता तिची मर्यादाही तितक्याच मोकळेपणाने सांगायला हवी. इन्सुलिन-प्रतिरोध केवळ दाहामुळे होत नाही. स्नायूत आणि यकृतात साचलेले मेद स्वतःच इन्सुलिनची साखळी बिघडवू शकतात, त्यासाठी रोगप्रतिकारक पेशींची गरज असतेच असे नाही. आनुवंशिकता, बैठे काम आणि स्नायूंची घट यांचा वाटा मोठा आहे. आधी मेद साचतो आणि मागून दाह येतो, की उलट, यावर संशोधकांमध्ये आजही वाद आहे. माझे मत विचाराल तर माणसात दाह हा बहुतेक वेळा बिघाड सुरू करत नाही. सुरू झालेला बिघाड तो टिकवतो आणि वाढवतो. हे मत मी औषधांच्या चाचण्यांवरून बनवले आहे, आणि आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तरही तिथेच आहे.

दाह रोखून साखर उतरवण्याची कल्पना जुनी आहे. जर्मनीत १८७६ मध्ये आणि इंग्लंडमध्ये १९०१ मध्ये, इन्सुलिनचा शोधही लागला नव्हता तेव्हा, सोडियम सॅलिसिलेटच्या मोठ्या मात्रेने मधुमेहींच्या लघवीतील साखर कमी होते अशी निरीक्षणे प्रसिद्ध झाली होती. शंभर वर्षांनंतर त्याचे कारण सापडले: हे औषध वर सांगितलेल्या आयकेके विकराला रोखते. मग सॅल्सलेट या त्याच कुळातील औषधाची रीतसर चाचणी झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ४८ आठवड्यांत एचबीए१सी ०.३७ टक्क्याने उतरला, पण सोबत एलडीएल कोलेस्टेरॉल आणि लघवीतून जाणारे अल्ब्युमिन हे प्रथिन वाढले. म्हणजे तत्त्व सिद्ध झाले, औषध मात्र रोजच्या वापरात आले नाही. टीएनएफ-अल्फा रोखणारे प्रतिपिंड १९९६ मध्ये लठ्ठ मधुमेही रुग्णांना देऊन पाहिले गेले. उंदरांत दिसलेला परिणाम माणसांत दिसला नाही. आयएल-१ रोखणाऱ्या ॲनाकिन्रा या औषधाने २००७ च्या चाचणीत १३ आठवड्यांत एचबीए१सी सुमारे अर्ध्या टक्क्याने उतरवला, परंतु इन्सुलिन-प्रतिरोध तसाच राहिला. सुधारले ते स्वादुपिंडाचे इन्सुलिन सोडण्याचे काम. यातून एक महत्त्वाची गोष्ट कळली की दाहाचा मार स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवरही पडतो. आणि २०१७ च्या मोठ्या चाचणीत, दहा हजारांहून अधिक हृदयरुग्णांत कॅनाकिनुमॅब हे औषध वापरून आयएल-१ बीटा रोखले, सीआरपी उतरला, हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना पुढे मधुमेह होण्याचे प्रमाण काही कमी झाले नाही. जीवघेण्या संसर्गांचे प्रमाण मात्र थोडे वाढले.

ही सर्व औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिलेली होती. मेडिकलमधून मिळणाऱ्या डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्यांचा यांच्याशी संबंध नाही. त्या दुखणे आणि सांध्याची सूज कमी करतात. चरबीतील मॅक्रोफेजचे संदेश थांबवण्यासाठी त्या नाहीत, आणि महिनोन्महिने घेतल्या तर मूत्रपिंड आणि जठर यांना इजा करतात. साखर आणि रक्तदाब असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाला तर ही चैन मुळीच परवडत नाही. स्टेरॉइड हे दाहावरचे सर्वांत प्रभावी औषध, पण ते स्वतःच साखर भरमसाट वाढवते. गुडघेदुखीवर कुणा ओळखीच्याने दिलेल्या बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड असण्याची शक्यता असते. असे काही घेत असाल तर ते डॉक्टरांना दाखवा आणि दीर्घकाळ घेतलेले असेल तर एकदम बंद करू नका.

हळदीबद्दल आपल्या भागात आस्था असणे साहजिक आहे. वसमतचा हळदीचा बाजार शेजारीच आहे. भाजी-आमटीतील हळद निर्धोक आहे, ती जरूर खावी. कॅप्सूलमधील कर्क्युमिन या हळदीतील घटकावर लहान लहान चाचण्या झाल्या आहेत आणि काहींत थोडा फायदा दिसला आहे, पण उपचार म्हणून विसंबावे इतका तो भक्कम नाही. काळ्या मिरीच्या अर्कासह दिल्या जाणाऱ्या तीव्र मात्रेच्या कॅप्सूलमुळे काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. मी त्या लिहून देत नाही.

तर आतापर्यंतचे सूत्र असे: आपल्यात दाह असण्याची शक्यता आहे, तो बहुधा पोटातील चरबी आणि हिरड्या येथून येतो, तो इन्सुलिनचे काम अवघड करतो, आणि तो थेट दाबणाऱ्या औषधाने आपला प्रश्न सुटणार नाही. उगमावर काय करता येईल ते आता सांगते.

हिरड्यांचे काम आधी करा, कारण ते सर्वांत सोपे आहे. दंतवैद्याकडे जाऊन स्केलिंग करून घ्या, हिरड्यांत खिसे पडले असतील तर त्यांची खोल सफाई करून घ्या, आणि तंबाखू सोडण्यासाठी मदत हवी असेल तर तीही मागा. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्तीसाठी समुपदेशन मिळू शकते.

चालण्याला मी औषधाइतके महत्त्व देते आणि त्याला सबळ कारण आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या साखळीवर न विसंबता, वेगळ्या वाटेने ग्लूट-४ पृष्ठभागावर आणतो. म्हणजे दाहाने जिथे अडथळा केला आहे, ती जागाच टाळून साखर आत जाते. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालले तरी त्या जेवणाची साखर कमी चढते. गंमत अशी की व्यायाम करणारा स्नायूही आयएल-६ सोडतो. पण तेवढ्यापुरता आणि थोडा वेळ, आणि त्याचा परिणाम दाह शमवणारा असतो. एकच संदेश रेंगाळला तर घातक आणि थोडक्यात आटोपला तर हितकारक ठरतो, हे या विषयातील मला सर्वांत विलक्षण वाटणारे सत्य आहे. आठवड्यातून दोन दिवस उठाबशा, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणे असे स्नायूंचे काम जोडा. आपल्यासारख्या बारीक हातापायांच्या माणसाला त्याची गरज जास्त असते.

अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सुमारे ७ टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम एवढ्यावर मधुमेह होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ मध्ये भारतीयांवरील निष्कर्ष मांडले. त्यात धोका २८.५ टक्क्यांनी घटला आणि विशेष म्हणजे वजनात लक्षणीय घट न होताही घटला. आपल्याला चार-पाच किलो उतरवता आले तर उत्तमच, पण काटा हलला नाही म्हणून चालणे सोडू नका. कंबर मोजत राहा.

आहाराबाबत, गोड सोडणे योग्यच होते, पण ते पुरेसे का पडले नाही ते ताटात पाहा. ज्वारीची भाकरी चांगली आहे म्हणून ती तीन-चार खाल्ली, वर भात घेतला आणि सोबत भाजी नावापुरती असली, तर पिष्टाचे प्रमाण तेवढेच राहते. एक भाकरी कमी करा. तिच्या जागी मुगाची किंवा मटकीची उसळ, वरण, ताक, मेथी-चुका-अंबाडीसारखी पालेभाजी आणि खात असाल तर अंडी येऊ द्या. जिनिंगवर संध्याकाळी येणारी भजी आणि शेव-फरसाण यांतील वारंवार उकळलेल्या तेलाबद्दल मी फार आग्रही आहे. ते बंद झाले पाहिजे. रात्रीचे जेवण आणि झोप यांत किमान दोन तास असू द्या.

पुढच्या भेटीत डॉक्टरांशी चार गोष्टी बोलून घ्या. हिमोग्लोबिन तपासा, कारण लोह कमी असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. पोटाची सोनोग्राफी आणि यकृताच्या तपासण्या करून फॅटी लिव्हर आहे का पाहा. रक्तदाब आणि लिपिड प्रोफाइल बघा. आणि मेटफॉर्मिन या मधुमेहावरील गोळीची गरज आहे का ते विचारा. आपल्या आकड्यांवर ते लगेच सुरू करावे असे मला वाटत नाही, परंतु घरात आई-वडिलांना मधुमेह असेल किंवा तीन महिन्यांनी एचबीए१सी ६.३ च्या वर गेला तर माझे मत बदलेल. हे तीन महिने आधी दिले पाहिजेत, कारण लाल पेशींचे आयुष्य साधारण तीन-चार महिन्यांचे असते आणि आजच्या बदलाचा आकडा त्याआधी कागदावर नीट उमटत नाही. मधल्या काळात तहान आणि लघवी वाढली, वजन आपोआप उतरू लागले किंवा जखम भरेनाशी झाली, तर तीन महिन्यांची वाट न पाहता लगेच दाखवा.